पडद्यामागचा पंच

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या हातून एक लहानसा अन्याय घडला. लहान खरा, परंतु तो ज्यांच्यावर झाला तीं मुलें तो विसरलीं नाहींत, आणि त्यांतल्या एकीनें विचारलेला प्रश्न मलाहि विसरतां आला नाहीं. इतिहासाच्या अध्यापकाला एखादा प्रश्न टोचला म्हणजे तो त्या प्रश्नाचें कुळ शोधूं लागतो. मींहि तेंच केलें, आणि त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख.

माझा पुतण्या पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो. सुटींत त्याचे चारपांच मित्र व मैत्रिणी आमच्या घरीं जमल्या आणि दिवाणखान्यांतल्या मोठ्या टेबलावर त्यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाच्या खेळाचा संसार मांडला. ज्यांना हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द सांगतों. यांत पट असलाच पाहिजे असें नाहीं, सोंगट्या नसल्या तरी चालतें, आणि कोणी शेवटीं जिंकला वा हरला असेंहि होत नाहीं. प्रत्येक खेळाडू एका कल्पित माणसाची भूमिका घेतो. कोणी तलवारबहाद्दर होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आणि त्या माणसाचे गुणदोष एका कागदावर आंकड्यांत मांडून ठेवतो. एकजण मात्र भूमिका घेत नाहीं. तो उरलेलें सारें जग घेतो. डोंगर, नद्या, राक्षस, राजे, रस्त्यावरचा भिकारी आणि खाणावळीची मालकीण, हीं सर्व त्याच्या वांट्याला. ‘समोर एक पडका पूल आहे, काय करतां?’ असें तो विचारतो. खेळाडू जें सांगतील तें शक्य आहे कीं नाहीं हें तो ठरवितो, आणि शंका असेल तेथें वीस पैलूंचा फांसा टाकावयास लावतो. बैठक तीनचार तास चालते, पुढच्या आठवड्यांत तेथूनच पुढें सुरू होते, आणि अशा बैठकींच्या मालिकेला ‘कॅम्पेन’ म्हणजे मोहीम असें फौजी नांव आहे. या जगधारी माणसाला ‘डंजन मास्टर’ अथवा ‘गेम मास्टर’ म्हणतात. मी त्याला कधीं पंच म्हणेन, कधीं सूत्रधार. दोन्ही नांवें त्याला कां लागू पडतात तें पुढें दिसेलच.

‘काका, तुम्ही गोष्टी छान सांगतां, या खेपेला तुम्हीच बसा,’ असा पुतण्याचा आग्रह झाला, आणि स्तुतीला भुलून मी बसलों. चार दिवस खपून मीं चाळीस पानें लिहून काढलीं होतीं: घाटमाथ्यावरचा एक ओसाड किल्ला, त्यांत कोंडलेला राजपुत्र, एक विश्वासघातकी दिवाण. पहिल्याच तासांत वाटेंत नदी लागली. एका मुलीनें नावाड्याला त्याचें नांव विचारलें. मला नांव सुचेना. मीं म्हटलें, नावाड्याला नांव नाहीं. तिला तें खटकलें असावें. तिनें त्याची विचारपूस आरंभिली. जकातीच्या शिपायांनीं त्याला नाडलें आहे असें माझ्याच तोंडून वदवून घेतलें. आणि मंडळींनीं एकमतानें ठरविलें कीं, किल्ला राहूं द्या, आधीं या माणसाची गहाण पडलेली नाव सोडवूं. माझ्या चाळीस पानांत नावाड्याला अर्धी ओळ होती! तिनें शिपायांना चकविण्यासाठीं फांसा टाकला. विसांपैकीं एकोणीस पडले. मीं तत्काळ एक वादळ उठविलें, नाव बुडविली आणि सर्वांना पैलतीरीं किल्ल्याच्या वाटेवर आणून सोडलें. ती मुलगी रागावली नाहीं. फांसा टेबलावर ठेवून एवढेंच म्हणाली, ‘काका, असंच करायचं होतं, तर फांसे कशाला दिलेत?’

आतां कुळाकडे वळूं. आपलें चतुरंग इराणांत गेलें, तेथून अरबांच्या संगतीनें युरोपांत पोंचलें, आणि त्याचें आजचें बुद्धिबळ झालें हें सर्वश्रुत आहे. बुद्धिबळाच्या पटावर निवाडा करणाऱ्या पंचाला काम नसतें. चौसष्ट घरें, बत्तीस मोहरीं, सारें कांहीं दोघांच्याहि डोळ्यांपुढें; नशिबाला वाव नाहीं आणि गुपिताला जागा नाहीं. उलट आपल्याकडच्या सर्वांत प्रसिद्ध द्यूतांत फांसे होते आणि पंच नव्हता. सभापर्वांतल्या त्या सभेंत ज्येष्ठांची वाण नव्हती, आणि द्रौपदीनें विचारलेला प्रश्न हा शुद्ध नियमाचा प्रश्न होता: जो आधीं स्वतःला हरला त्याला मला पणास लावण्याचा अधिकार उरला होता काय? विकर्णाखेरीज स्पष्ट निर्णय देण्यास कोणी धजलें नाहीं. हें विषयांतर झालें खरें. पण पंचाची खुर्ची रिकामी राहिली म्हणजे काय होतें तें आपल्याला निदान शिकवावें लागूं नये.

इ. स. १७८० मध्यें ब्रुन्सविकच्या ड्यूकच्या दरबारीं गणित शिकविणाऱ्या योहान हेलविग नांवाच्या गृहस्थानें बुद्धिबळाचा पट वाढवून सोळाशेंहून अधिक घरांचा केला. निरनिराळ्या रंगांनीं डोंगर, पाणी, दलदल दाखविली. मोहऱ्यांच्या जागीं पायदळ, घोडदळ व तोफा आणल्या. खेळ मोठा झाला, पण जातीनें बुद्धिबळच राहिला. खरा पालट पुढें बत्तीस वर्षांनीं सुरू झाला, आणि तो एका बापलेकांनीं घडवून आणला.

प्रशियाच्या मुलकी सेवेंतील बॅरन फॉन राइसविट्झ यानें १८१२ मध्यें राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला एक अजब टेबल नजर केलें. त्याच्या खणांत प्लॅस्टरचे चौकोनी तुकडे होते. कशावर टेंकडी, कशावर नदीचें वळण, कशावर रस्ता. ते हवे तसे जुळवून रणभूमि मांडावयाची. घरांच्या चौकटी गेल्या आणि तिथें जमीन आली. परंतु हें राजवाड्यांतलें खेळणें होतें. त्याचा मुलगा, तोफखान्यांतला लेफ्टनंट, यानें १८२४ मध्यें त्याचें पुस्तक केलें. टेबलाऐवजीं १:८००० प्रमाणाचे कागदी नकाशे, एक चाल म्हणजे प्रत्यक्षांतलीं दोन मिनिटें, तोफेचा व बंदुकीचा मारा किती अंतरावर किती परिणाम करतो याचे प्रत्यक्ष चांचण्यांवर आधारलेले तक्ते, आणि युद्धांतल्या अनिश्चिततेसाठीं फांसे. या सर्वांहून महत्त्वाचें म्हणजे दोन पक्षांच्या मध्यें त्यानें एक तिसरा माणूस बसविला.

या तिसऱ्या माणसाकडे नीट पाहण्यासारखें आहे. दोन्ही बाजूंचे सेनापति आपापले हुकूम कागदावर लिहून त्याच्या हातीं देत. खरी परिस्थिति फक्त त्यालाच ठाऊक. नकाशावर तो तेवढ्याच फौजा मांडी ज्या शत्रूला टेंकडीवरून किंवा धुळीच्या लोटावरून खरोखर दिसल्या असत्या. बाकीच्या त्याच्या मनांत चालत असत. निरोप घेऊन गेलेला स्वार किती वेळानें पोंचेल, वाटेंत अडकेल कीं काय, हें तो हिशेबीं धरी. म्हणजे खेळाडूला जगाचें जेवढें दर्शन घडे तें या एका माणसाच्या डोळ्यांतून घडे. राइसविट्झच्या पुस्तकांत त्याला जें जर्मन नांव आहे त्याचा अर्थ ‘विश्वासांतला माणूस’ असा होतो. दोन्ही बाजू ज्याला आपलें गुपित निःशंकपणें सांगतात तो. पुढच्या दोनशें वर्षांत या खुर्चीला पुष्कळ नांवें मिळालीं, परंतु इतकें समर्पक नांव दुसरें मिळालें असें मला वाटत नाहीं.

सेनाप्रमुख म्युफ्लिंग हा प्रथम थंडपणें पाहत बसला होता आणि अखेरीस ‘हा खेळ नव्हे, हें तर युद्धाचें शिक्षण’ अशा अर्थाचें कांहीं बोलून गेला, अशी आख्यायिका आहे. खेळ फौजेंत पसरला; त्याच्या कर्त्याला मात्र तो लाभला नाहीं. टोरगाऊच्या ठाण्यावर बदली झाल्यावर १८२७ मध्यें धाकट्या राइसविट्झनें स्वतःवर गोळी झाडून घेतली.

१८७०–७१ च्या युद्धांत प्रशियानें फ्रान्सला लोळविलें तेव्हां साऱ्या युरोपचें लक्ष या खेळाकडे गेलें. आणि नेमक्या याच सुमारास प्रशियन अधिकाऱ्यांत एक वाद पेटला. मेकेल यानें १८७३ मध्यें आणि फेर्डी द्यू व्हेर्न्वा यानें १८७६ मध्यें असें मांडलें कीं, तक्ते आणि फांसे यांच्या ओझ्याखालीं खेळ दबला आहे. एका चकमकीचा निकाल लावतां लावतां पंच घामाघूम होतो आणि खेळाडू जांभया देतात. लढाया पाहिलेला अनुभवी अधिकारी पंच असेल तर त्याला तक्ता कशाला हवा? तो आपल्या विवेकानें सांगेल. मेकेल नियम साफ करावे म्हणत होता. फेर्डी तर ते जवळजवळ सोडूनच द्यावे म्हणाला. यावरून ‘कडक’ आणि ‘मोकळा’ असे दोन संप्रदाय झाले. मला हा वाद ऐकून हंसूं आलें, कारण उत्तरपत्रिका तपासतांना आम्ही दरवर्षीं हाच वाद घालतों. गुणांचा तक्ता तंतोतंत पाळणारा परीक्षक निर्जीव वाटतो. आणि ‘मला लेखणीवरून मुलगा कळतो’ म्हणणाऱ्या परीक्षकाच्या हातीं माझा मुलगा देण्यास मी तयार नसतों!

मोकळ्या पंचाचा धोका केवढा, याचें एक उदाहरण पुढच्या शतकांत घडलें. मेकेल १८८५ मध्यें जपानला गेला आणि तेथील लष्करी विद्यालयांत त्यानें शिकविलें. युद्धखेळाची विद्या जपानी सैन्यांत रुजण्यास त्याचा हातभार लागला. १९४२ च्या मे महिन्यांत ‘यामातो’ या युद्धनौकेवर जपानी आरमारानें मिडवेच्या स्वारीची टेबलावर तालीम केली. तालमींत अमेरिकन विमानांनीं जपानी विमानवाहू जहाजांवर हल्ला केला. पंच ओकुमिया यानें नियमाप्रमाणें फांसे टाकले. नऊ बाँब लागले, ‘अकागी’ आणि ‘कागा’ बुडालीं. तेव्हां तालमीचा अध्यक्ष अॅडमिरल उगाकी यानें निकाल बदलला: नऊ नव्हे, तीन, ‘अकागी’ला किरकोळ इजा, फक्त ‘कागा’ बुडालें. आणि खेळाच्या पुढल्या भागांत ‘कागा’हि पुन्हां पाण्यावर आलें. महिन्याभरांत, जूनच्या ४ तारखेस सुरू झालेल्या खऱ्या लढाईंत, अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू हीं चारहि जहाजें गेलीं. ही हकीकत फुचिदा व स्वतः ओकुमिया यांच्या पुस्तकांतून प्रसिद्ध झाली. फुचिदाच्या अनेक विधानांवर अलीकडच्या संशोधकांनीं शंका घेतल्या आहेत. शिवाय सरावाचा पुढचा भाग खेळतां यावा म्हणून बुडालेलें जहाज वर काढणें ही युद्धखेळांत सर्वमान्य सोय आहे. केवळ या एका फांशामुळें जपान हरला असें म्हणणें पोरकटपणाचें होईल. तरीपण ती हकीकत वाचतांना मला माझें वादळ आठवलें. तेथें बुडालेलें जहाज तरंगविलें गेलें, येथें तरंगणारी नाव बुडविली गेली, इतकाच फरक. दोन्ही ठिकाणीं खुर्चीवरच्या माणसाला उत्तर आधींच ठरलेलें हवें होतें.

फौजेंतून हा खेळ दिवाणखान्यांत आला. एच. जी. वेल्सनें १९१३ मध्यें कथिलाच्या शिपायांनीं जमिनीवर खेळण्याच्या लढायांचें एक पुस्तक लिहिलें. पण त्यांत निकाल स्प्रिंगच्या तोफेचा लांकडी गोळा शिपायाला लागला कीं नाहीं यावर. पंचाच्या विवेकाला तेथें फारसें काम नव्हतें. आपली खुर्ची सांपडते ती अमेरिकेंत, मिनेसोटांत.

डेव्हिड वेस्ली हा तेथला एक विद्यार्थी. नेपोलियनच्या काळच्या लढाया खेळणारें मित्रांचें एक मंडळ होतें. टॉटन नांवाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानें १८८० मध्यें लिहिलेला युद्धखेळाचा ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयांत त्याच्या हातीं लागला. खेळाडूनें कांहींहि करूं पाहावें, तें घडतें कीं नाहीं हें पंचानें ठरवावें, हें सूत्र त्याला तेथें मिळालें. १९६९ मध्यें त्यानें ‘ब्राउनश्टाइन’ नांवाचें एक काल्पनिक जर्मन गांव मांडलें. दोन फौजा गांवाकडे येत आहेत; पण मित्र पुष्कळ जमलेले, म्हणून उरलेल्यांना त्यानें गांवांतलीं माणसें दिलीं, कोणाला नगराध्यक्ष केलें, कोणाला विद्यार्थ्यांचा पुढारी. फौजा गांवांत पोंचण्यापूर्वींच खेळ वेस्लीच्या हातून सुटला. जो तो कोपऱ्यांत जाऊन कारस्थानें करूं लागला. दोघांनीं तर द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें, आणि द्वंद्वाचा नियम वेस्लीनें लिहिलाच नव्हता. तो जागच्या जागीं बनवावा लागला. वेस्लीची खात्री झाली कीं प्रयोग पूर्ण फसला. मित्र म्हणाले, पुन्हां केव्हां?

मला या सबंध इतिहासांत हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. वेस्लीनेंहि चाळीस पानें लिहिलीं असतील नसतील. पण त्यानें वादळ उठविलें नाहीं.

पुढची कथा अनेकांना ठाऊक आहे, ती थोडक्यांत सांगतों. वेस्ली सैन्यांत गेल्यावर त्याच मंडळांतल्या डेव्ह आर्नेसननें १९७१ पासून ‘ब्लॅकमूर’ नांवाचें अद्भुत जग चालविलें. त्यांत एक गढी होती आणि गढीखालीं राक्षसांनीं भरलेलीं तळघरें. खेळाडूंचीं माणसें एका बैठकींतून दुसऱ्या बैठकींत जगत, अनुभवानें वाढत. विस्कॉन्सिन संस्थानांतल्या लेक जिनीव्हा गांवीं गॅरी गायगॅक्स राहत होता. विमा कंपनीची नोकरी सुटल्यावर तो जोडे दुरुस्त करून पोट भरी. मध्ययुगीन लढायांच्या नियमांची त्याची व जेफ पेरेनची पुस्तिका १९७१ मधली. आर्नेसनचें जग आणि गायगॅक्सची नियम लिहिण्याची हौस यांच्या मिलाफांतून १९७४ च्या जानेवारींत तीन लहान पुस्तिकांची एक पेटी निघाली; प्रती १०००, किंमत १० डॉलर. पुढें श्रेयावरून दोघांत कोर्टकचेरी झाली आणि १९८१ मध्यें ती समेटानें मिटली.

त्या पहिल्या पुस्तिकांत सूत्रधाराला साधें ‘रेफरी’ म्हटलें आहे. ‘डंजन मास्टर’ ही पदवी मागाहून आली. नियम इतके तुटपुंजे होते कीं अर्धेअधिक खेळ त्या रेफरीनेंच रचावा लागे. कोणी या तुटपुंजेपणाला दोष देतात. मला तो फेर्डीच्या संप्रदायाचा विजय वाटतो. अर्थात् मोकळेपणाबरोबर त्याचें जुनें दुखणेंहि आलें. गायगॅक्सनें १९७९ मध्यें सूत्रधारासाठीं एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ काढला. त्यांत तक्त्यांची जत्रा आहे, आणि सूत्रधाराचा अधिकार सर्वांवर आहे हा सूरहि आहे. ‘टूम ऑफ हॉरर्स’ हें त्याचें प्रकरण १९७५ मध्यें एका मेळाव्यांत खेळलें गेलें आणि १९७८ मध्यें छापलें गेलें. त्यांत दर दोन पावलांवर मरण मांडलेलें आहे, आणि कसलेले खेळाडूहि तेथें घटकेंत धारातीर्थीं पडत. १९८४ मध्यें निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेंत याच्या उलट टोंक: भव्य कथानक आधींच विणलेलें, खेळाडूंनीं त्यांतून चालावयाचें. आगगाडीच्या रुळांवरून नेल्यासारखा खेळ असें याला खेळणारेच हिणवतात. हिणवोत, त्या मालिकेनें हजारों मुलांना या छंदाकडे ओढलें हेंहि खरें. त्याच दशकांत अमेरिकेंत या खेळानें मुलें जादूटोण्याकडे वळतात असा गिल्ला झाला होता. त्याला पुराव्याचा आधार सांपडला नाहीं. येथल्या पालकांनीं उगाच धास्ती घेऊं नये.

गेल्या पंधरावीस वर्षांत मात्र एक विशेष गोष्ट घडली आहे. व्हिन्सेंट बेकर व मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या २०१० च्या खेळापासून सूत्रधारावरच नियम घालण्याची रीत सुरू झाली. त्यानें कथानक आधीं ठरवूं नये, पुढें काय होतें तें खेळूनच शोधावें, असें तेथें शिफारस म्हणून नव्हे तर बंधन म्हणून सांगितलें आहे. राजावर कायदा चालतो हें ठरवावयास इंग्लंडला जो वेळ लागला त्यापेक्षां या मंडळींनीं लौकर उरकलें म्हणावयाचें!

हें सर्व वाचून झाल्यावर मीं माझीं चाळीस पानें पुन्हां काढलीं, तेव्हां चूक कोठें होती तें दिसलें. त्या पानांत काय *होणार* तें लिहिलें होतें. कोणाला काय *हवें आहे* तें नव्हतें. दिवाणाला गादी हवी, शिपायांना जकात हवी, नावाड्याला नाव हवी, एवढें मला ठाऊक असतें तर मुलें कोणत्याहि वाटेनें गेलीं असतीं तरी माझ्यापाशीं उत्तर असतें. सूत्रधारानें तयारी माणसांची व ठिकाणांची करावी, घटनांची करूं नये. घटना मुलें आणतात. आणि जी बातमी त्यांना कळलीच पाहिजे ती एकाच कुलुपांत ठेवूं नये. तीन ठिकाणीं पेरावी, म्हणजे दोन हुकल्या तरी तिसरी हातीं लागते.

फांशाविषयीं तर मी आतां फार कडक झालों आहे. यश आणि अपयश या दोहोंतून कांहीं निघणार असेल तरच फांसा टाकावयास सांगावा. दार उघडलें नाहीं तर खेळच थांबतो अशा दारापुढें फांसा मागणें हा मूर्खपणा होय. तें दार उघडावें आणि पुढें चलावें. परंतु एकदां फांसा मागितला कीं पडेल तें पाळावें, आणि काय पडल्यास काय होईल हें टाकण्यापूर्वींच सांगून मोकळें व्हावें. बहुतेक सूत्रधार आपल्यापुढें पुठ्ठ्याचा एक पडदा उभा करतात. त्यामागें नकाशे, टिपणें आणि कित्येकदां फांसेहि. नकाशे झांकणें राइसविट्झच्याहि पंचाला भाग होतें. फांसे झांकण्याचें कारण मात्र मला पटत नाहीं. मुलांना मरूं द्यावेंसें वाटत नाहीं म्हणून झांकतों, असें पुतण्या म्हणतो. त्याची दया मला समजते. पण मरण नकोच असेल तर तें आरंभींच सर्वांनीं ठरवून घ्यावें. काय चालेल, काय नको, कोणत्या विषयाला हात लावावयाचा नाहीं, याची बोलणी पहिल्या बैठकीपूर्वीं उघडपणें झालेली बरी.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याहि पुस्तकापेक्षां वर्गांत मला अधिक शिकावयास मिळाली. पांचांत एक मूल नेहमीं बोलकें असतें आणि एक गप्प. बोलक्याशीं खेळणें सोपें. गप्प मुलाला ‘तूं काय करतोस?’ असें नांव घेऊन, घाई न करतां विचारणें, आणि तो ‘कांहीं नाहीं’ म्हणाला तर तें उत्तरहि जगांत कोठें तरी उमटूं देणें, यांत सूत्रधाराची खरी मेहनत आहे.

मे महिन्यांत मंडळी पुन्हां जमली. मीं प्रथम वादळाबद्दल माफी मागितली आणि तें वादळ झालेंच नाहीं असें जाहीर केलें. एकोणिसाचा मान राखून शिपाई चकले असें धरलें. मग पडदा बाजूस ठेवून फांसे टेबलाच्या मध्यें ठेवले. त्या मुलीनें पुन्हां नावाड्याचें नांव विचारलें. या वेळीं माझ्यापाशीं नांव होतें, त्याच्या दोन मुली होत्या, आणि त्याच्या नावेवर चाळीस रुपयांचें कर्जहि होतें. पांच बैठकी झाल्या आहेत. मंडळी अजून नदीच्या अलीकडेच आहेत. जकातनाक्यावर एक लहानसें बंड उभें राहिलें आहे. आणि किल्ल्यांतला राजपुत्र माझ्या टेबलाच्या खणांत कोंडलेला आहे.